डेल्फिनच्या डोळ्यांतला ठिपका

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण अगदी चिमुकला, बशीएवढा. हॉलिवूडच्या स्टुडिओत माझे भाऊबंद बैलासारखे थोराड असायचे. ते पेटले की माणसं घामाने निथळायची. मला मात्र कॅमेऱ्याच्या भिंगाच्या बरोब्बर वर एका पट्टीने अडकवत. माझं काम एकच होतं, समोरच्या नटीच्या डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका पाडायचा. तो नसला तर पडद्यावर डोळे विझल्यासारखे दिसतात. थोरले दिवे मला 'काजवा' म्हणून चिडवायचे. चिडवोत बापडे!

मला घडवलं ऑटो क्रेमरने. हा आमचा कॅमेरामन, जर्मनीहून आलेला, कमी बोलणारा माणूस. पत्र्याचं एक झाकण, आत बल्ब, पुढे दुधी काच, झाला मी तयार. माझी जागाच अशी होती की नटीचा चेहरा मला जेवढा जवळून दिसे तेवढा दिग्दर्शकालाही दिसत नसे. म्हणून मी जे सांगतोय ते ऐकीव नाही.

डेल्फिन हार्ट हे नाव स्टुडिओने ठेवलेलं. मूळची ती मिल्ड्रेड स्टब्स, ओहायोतल्या एका खाटकाची मुलगी. आम्ही सेटवरचे सगळे तिला मिलीच म्हणायचो. स्टुडिओने तिचे केस सोनेरी केले, भुवया उपटून नव्या काढल्या आणि नऊ चित्रपटांत तिला जिन्यावरून खाली उतरवलं. अहो, खरंच नऊ! अंगात साटिनचा झगा, हातात ग्लास आणि तोंडी दीड वाक्य. वर्तमानपत्रवाले लिहायचे, "दिसायला अप्सरा, अभिनयाचं म्हणाल तर जिनाच बरा." वाचून लोक खो खो हसायचे. माझ्या मात्र अंगाची लाही लाही व्हायची.

कारण मी बघत होतो ना! एका चित्रपटात ती जिना उतरते आणि खाली नायक दुसऱ्याच बाईशी बोलताना तिला दिसतो. तिला सांगितलं होतं, नुसतं हसत उतर. ती हसतच उतरली. पण मधल्या एका पायरीवर ते हसू क्षणभर तसंच राहिलं आणि डोळे एकदम थकले. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता सगळे उठून टाळ्या वाजवतील. कसचं काय! पडद्यावर त्यातलं काही उमटलंच नाही.

त्याला कारण होता एक मोजा. हसू नका. तिच्या करारातच लिहिलं होतं की डेल्फिनचा चेहरा जवळून घेताना भिंगावर रेशमी पायमोजा ताणून बसवायचा, म्हणजे कातडी तुकतुकीत दिसते. शिवाय संध्याकाळी पाचनंतर तिचा चेहरा जवळून घ्यायचाच नाही, कारण दिवसभराच्या कामाने तो उतरतो. मोज्याने बारीकसारीक रेषा पुसल्या जायच्या आणि त्यांच्याबरोबर तिने केलेलं सगळंही पुसलं जायचं. आमटी गाळायची आणि डाळ फेकून द्यायची, तसला प्रकार.

मिलीने साहेबांच्या, म्हणजे स्टुडिओच्या मालकांच्या, दारात सहा महिने खेपा घातल्या आणि एका कोळ्याच्या बायकोची भूमिका मिळवली. साहेब म्हणाले, "ही एकच संधी. जमलं नाही तर परत जिना. करार संपेपर्यंत मग माझ्यापुढे तोंड उघडायचं नाही." कराराची चार वर्षं उरली होती.

दिग्दर्शक होता वॉरन पिकेट. त्याला ती नकोच होती. "मी बाई मागितली होती," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "यांनी मला कॅलेंडरवरचं चित्र पाठवलं!" मिलीने ते ऐकलं आणि मुकाट्याने मासे खवलायला बसली. खवले काढायला शिकताना तिची बोटं कापली होती, पण तिने हातमोजे घातले नाहीत.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग असा होता. ती मासे साफ करतेय आणि म्हातारा सासरा सांगायला येतो की तिच्या नवऱ्याची होडी बुडाली. सासऱ्याचं काम सिलास ब्रॉडी नावाचा मुरलेला नट करत होता. मिलीचा चेहरा सकाळी जवळून घेतला, अर्थातच मोजा लावून. तिने जीव ओतला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तो तुकडा पाहिला. पिकेट तणतणत सेटवर आला. "म्हटलं नव्हतं? तोंडावरची माशी हलत नाही हिच्या! आता हा प्रसंग ब्रॉडीच्या चेहऱ्यावर घ्या. हिची नुसती पाठ दाखवा."

मिलीला घरी जायला सांगितलं होतं. तिने तोंडाचा रंग पुसला, केसांना फडकं बांधलं. ऑटो मात्र माझी पट्टी पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

आमच्याकडे एक रिवाज होता. समोरच्याचा चेहरा घेताना मोठी नटी थांबत नसे. तिची वाक्यं कारकून वाचून दाखवी, रेल्वेच्या वेळा सांगाव्यात तशी. त्या दुपारी ब्रॉडी खुर्चीत बसला, कारकुनाने कागद उघडला आणि मिली परत आली.

"मिस्टर ब्रॉडी, मी उभी राहिले तर चालेल?"

"चालेल काय, पोरी! या गृहस्थासमोर रडायचं म्हणजे पोस्टाच्या खिडकीवर रडायचं. ये, ये."

ती माझ्या शेजारीच उभी राहिली. मला ती दिसत नव्हती, फक्त ब्रॉडी दिसत होता. त्याने बातमी सांगितली. ती इतकंच म्हणाली, "बरं. मासळी किती होती होडीत?" आवाज अगदी साधा, बाजाराचा हिशेब विचारावा तसा. ब्रॉडीला पुढे चार वाक्यं होती. ती सगळी तो विसरला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्याची हनुवटी थरथरायला लागली.

"वा ब्रॉडी!" पिकेट ओरडला. सेटवर टाळ्याच टाळ्या.

"टाळ्या कसल्या पिटताय?" म्हातारा भडकला. "मी काही केलं नाही. मी हिच्याकडे बघत होतो! फिरवा तो कॅमेरा."

"पाच वाजून वीस मिनिटं झालीत. करार आहे. आणि तोंडाला रंग नाही तिच्या," पिकेट म्हणाला.

"करार माझ्या तोंडाचा आहे ना?" मिली म्हणाली. "मी सांगतेय, फिरवा."

"बाईसाहेब, साहेब मला नोकरीवरून काढतील."

"आणि मला जिन्यावर ठेवतील. बोला, कुणाचं जास्त वाईट?"

पिकेटने घड्याळ खिशात टाकलं. ऑटोने कुणालाही न विचारता भिंगावरचा मोजा सोडवला आणि खिशात कोंबला. थोरले दिवे एव्हाना दुसऱ्या सेटवर नेले होते. उरला होता कडेचा एक मिणमिणता दिवा आणि मी. माझ्या छातीत धडधडत होतं, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण खरंच सांगतो, मी घाबरलो होतो.

मिलीने मासा हातात घेतला. ब्रॉडीने बातमी सांगितली. तिचा हात थांबला नाही. सुरी चालतच राहिली. "बरं. मासळी किती होती होडीत?" असं विचारून तिने वर पाहिलं, जणू आकडा कळला की नवरा परत येणार होता. उत्तर आलं नाही. तिचे डोळे हळूहळू भरले. हात माशाने बरबटलेले, म्हणून तिने मनगटाने गाल पुसला आणि गालावर एक खवला चिकटून राहिला. ती पुन्हा सुरी चालवायला लागली. तो मासा केव्हाच साफ झाला होता. पिकेट थांबा म्हणायचं विसरला. आतली फिल्म संपली तेव्हा कॅमेरा आपोआप थांबला. पिकेट डोक्यावरची हॅट काढून उभा होता.

त्याचं एक मानलं पाहिजे. तो साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "मला हाकला, पण हा तुकडा ठेवा." तुकडा राहिला. चित्रपट लागला, थिएटरात बायकापुरुष ढसाढसा रडले. मला वाटलं, सुटली पोरगी!

आणि वर्तमानपत्रं काय म्हणाली? "क्रेमरच्या दिव्याची किमया! पुतळ्याला रडवलं!" त्या वर्षीचं छायाचित्रणाचं मोठं बक्षीस ऑटोला मिळालं. तो ज्याला त्याला कळवळून सांगत सुटला, "अहो, मी फक्त मोजा काढला हो!" लोक म्हणाले, काय विनयशील माणूस! साहेबांनी मिलीला बोलावून सांगितलं, "क्रेमरने वाचवलं तुला. आता पुढच्या आठवड्यापासून जिना." चार वर्षं ती जिने उतरली. करार संपल्यावर ओहायोला निघून गेली.

मी खोटं कशाला बोलू? सुरुवातीला मी फुगलो होतो. माझे फोटो निघाले, मला रंग दिला. दुसऱ्या स्टुडिओंनी हुबेहूब माझ्यासारखे दिवे करून आपल्या नट्यांसमोर लावले. त्यांच्या डोळ्यांत ठिपका पडला आणि ठिपकाच पडला, बाकी काही घडलं नाही. तेव्हा माझी मला लाज वाटली. जे तिचं होतं ते मी घेऊन बसलो होतो.

आता मी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत असतो. खाली पाटी आहे, "या दिव्याने डेल्फिन हार्टच्या डोळ्यांत अश्रू आणले." गेल्या वसंतात एक म्हातारी काठी टेकत आली, बरोबर तिची भाची. भाचीने पाटी मोठ्याने वाचली.

"अगं बाई! मावशी, म्हणजे ते सगळं या एवढ्याशा दिव्याने केलं?"

म्हातारी वाकली. किती वर्षांनी तो चेहरा मला इतक्या जवळून दिसला! पाटी तिने स्वतः पुन्हा एकदा वाचली, ओठ हलवत, शेवटपर्यंत.

"हो गं," ती म्हणाली. "फार कष्टाळू होता बिचारा. चल, मला भूक लागलीय."

माझी वायर कधीच कापून टाकलीय. मला नुसतं लुकलुकताही आलं नाही. ती दारातून बाहेर पडेपर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे, म्हणून तुम्हाला सांगतोय. देखण्या माणसाने जीव ओतून काही केलं, तर त्याचं श्रेय दिव्याला, कपड्याला, रंगाला देऊ नका. माणूस हयात असतानाच त्याला तसं सांगा. आणि कधी इकडे आलात, तर कचेरीत जाऊन ती पाटी बदलायला लावा. मी नुसता पेटलो होतो. रडली ती होती.