सारख्या उंचीचे चार

आबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, तिरडीला खांदा दिला आणि मी दर दहा पावलांना वीतभर वाढू लागलो.

पाऊल दहा. शेजारच्या दांडीला हिंदुरावमामा, मागे रंगामामा आणि आबांच्या तालमीतला पठ्ठ्या सर्जेराव. तिघे एका मापाचे. माझी बाजू वर उचलली गेली.

"वाक की जरा," हिंदुरावमामा म्हणाले.

मी गुडघे दुमडले. सवय आहे. वडील केनियाचे, आई मिरजेची. बाराव्या वर्षीच मी मामांच्या डोक्याच्या वर गेलो. तेव्हापासून फोटोत मी बसलेला असतो. आवाज हळू ठेवतो. कुणाचा धक्का लागला तर आधी मीच सॉरी म्हणतो.

पाऊल वीस. वाकूनही दांडी त्यांच्या खांद्यांवर टेकेना.

"बापाचं हाड," रंगामामा मागून म्हणाले. "त्यो गेला तवा विमानात मावला कसा कुणाला ठावं."

सर्जेराव हसला. मग कुठे आहोत ते आठवून खोकला.

"सोड तू, ओटिएनो. दुसरा माणूस घेतो," हिंदुरावमामा म्हणाले.

"सोडणार नाही."

मामांना मी पहिल्यांदाच नाही म्हणालो होतो.

पाऊल तीस. कापडातून आबांचा हात बाहेर आला. नव्या मल्लाची चाचपायचे, तशी त्यांनी माझी मान चाचपली.

"मान जाड हाय. तालमीत का आला न्हाईस?"

"तुम्ही दारातनं परत पाठवलंत. तीनदा."

"तुला जोड न्हवती. कुणासंगं लढवायचं?"

"एकट्यानं जोर मारले असते."

आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"ताठ चाल," ते म्हणाले.

पाऊल एकतीस. मी गुडघे सरळ केले. तिरडी सपाटच राहिली. तिघांचे पाय जमिनीवरून सुटले. तिरडी वाटेत सोडायची नसते, म्हणून दांडी कुणीच सोडली नाही. लोंबकळत ते हवेत पावलं टाकत राहिले.

"दमानं रं," हिंदुरावमामा म्हणाले. "खाली बघवंना."

"वर बघा, मामा."

पाऊल सहाशे. स्मशानाची कमान माझ्या गुडघ्याला लागली. खाली मंडळी तिरडी उतरवून घ्यायला हात उंचावून उभी होती. मी वाकलो असतो, तर त्यांचे हात पोचले असते.

मी कमानीवरून पाय पलीकडे टाकला. तो पाय अजून खालीच चालला आहे, जमिनीला टेकलेला नाही.