एकच दोर

ख्रिस्तवाडीची विहीर म्हणजे काही ऐरागैरा खड्डा नव्हता. घोडेगावच्या अलीकडच्या त्या खेड्यात विटाळ नको म्हणून गावविहिरीच्या काठाला वाडीच्या माणसांना पाय लावू देत नसत, तेव्हा वाडीनं आपली आपण पहार उचलली. पहिला घाव घातला सूर्यभाननं, छबूबाईच्या नवऱ्यानं. खाली सगळा काळा पाषाण. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि संध्याकाळी प्रार्थना म्हणून खाली उतरायचं, असे कितीतरी उन्हाळे गेले. गाव हसलं. हसणाराचे दात दिसतात, दुसरं काय! पाणी लागलं, आणि असं लागलं की बहात्तरच्या दुष्काळात आजूबाजूच्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला तरी या विहिरीचा झरा काही हटला नाही.

सूर्यभान गेल्यावर विहिरीचा दोर आणि पोहरा छबूबाईच्या घरी राहू लागला. वाडीनं दिलेला तो मान होता, आणि छबूबाई मान ठेवून घेणारी बाई होती. चर्चची बायबलबाई ती. घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवायची, आजारी माणसाच्या उशाशी बसायची, बाळंतिणीला शेक द्यायची. जीभ मात्र तिखट. तिच्या तोंडाला लागायचं म्हणजे पाळकसाहेबसुद्धा आधी घसा खाकरून घेत.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी सरपंच गहिनीनाथ दोन माणसं घेऊन वाडीत आला. चर्चसमोरच्या लिंबाखाली उभा राहिला, डोक्याचा पटका काढून घाम पुसला आणि पाणी मागितलं. गावविहीर आटली होती, टँकरचा भरवसा नव्हता, पोरं नदीच्या डबक्यातलं पाणी पिऊन हागवणीनं लोळत होती. माणूस वाईट नव्हता, बोलला नमून. सकाळी दिवस वर येईपर्यंत गावानं पाणी भरावं, मग वाडीनं. दोर आणि पोहरा गाव आपला नवा आणील, म्हणजे वाडीला तोशीस नको.

वाडीचा पंच पुंजाराम तर हरखूनच गेला. सरपंच आपल्या दारात! बापजन्मात असं घडलं नव्हतं. त्यानं तिथल्या तिथं होकार दिला, वर चहा पुढे केला, आणि सरपंच वाडीच्या कपाला हात न लावता आपल्या बरोबर आणलेल्या किटलीतलाच चहा प्यायला, तेही पुंजारामच्या ध्यानात आलं नाही. मान मिळाल्याच्या आनंदात काय कबूल केलं, हे वाडीत कुणालाच उमगलं नाही.

संध्याकाळी दुष्काळी कामावर खडी फोडून छबूबाई घरी आली आणि तिला हे कळलं. हातातली घमेली तिनं दाणकन खाली टाकली. वेगळा दोर म्हणजे आपल्याच विहिरीवर आपल्याच हातानं विटाळ बसवून घेतला, अकलेचे कांदे सगळे, असं म्हणत ती तडक चर्चकडे निघाली. तिथं पंच जमले होते आणि मधे तरुण पाळकसाहेब सुमंत बसले होते.

पुंजाराम चिडला. तहानलेल्याला अट घालणारे आपण कोण, हेच शिकवलं का प्रभूनं, असं त्यानं विचारलं. प्रश्न खोटा नव्हता. छबूबाईलाही तो टोचला.

तरी ती म्हणाली, "प्रभू इहिरीवर बसला हुता तवा त्यानं परक्या जातीच्या बाईला पानी मागितलं. माजा पोहरा येगळा, तू जरा बाजूला हो, असं न्हाई म्हनला. पानी देऊ, दिवसरात देऊ. पन दोर एकच आन रांग एकच."

"आणि कुणी आलंच नाही तर?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं. "पोरं मरतील, छबूबाई."

"न्हाई आलं तर म्या हंडं भरून त्यांच्या दारात नेऊन ठेवीन. पन दोर एकच ऱ्हाईल."

पाळकसाहेब उठले. हा निरोप मीच सांगतो म्हणाले, आणि तिच्याबरोबर गावात गेले. गहिनीनाथनं सगळं ऐकून घेतलं. मी एकटा काय करू, गाव ऐकणार नाही, एवढंच तो बोलला.

गाव खरंच ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर चिटपाखरू फिरकलं नाही. छबूबाईनं खडीचा खाडा केला, डोक्यावर हंडा घेतला आणि उन्हातान्हात खेपा घातल्या. ज्या घरात लहान लेकरं त्या घराच्या उंबऱ्यापाशी हंडा ठेवायचा, हाक मारायची आणि मागं वळायचं. एका घरानं तिच्या डोळ्यांदेखत हंडा लवंडून दिला. एवढं सोन्यासारखं पाणी मातीत गेलं! घरी येऊन ती चुलीपुढे बसली आणि ढसाढसा रडली. आपला हट्ट एखाद्या लेकराच्या जिवावर बेतला तर देवाला काय तोंड दाखवायचं, या विचारानं तिला घास गेला नाही.

पुढच्या सकाळी वाडीच्या बाया रांग लावून उभ्या होत्या, आणि रस्त्यानं एक म्हातारी हंडा कमरेवर घेऊन येताना दिसली. लंकाबाई. सरपंचाची आई. तिच्यामागं अंतर ठेवून गावच्या पाचसहा बाया. लंकाबाई सरळ आली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. कुणी पुढे हो म्हणालं नाही, ती झाली नाही.

तिचा नंबर आला तेव्हा ती घामानं डबडबली होती. म्हणाली, "छबू, काल नातू तुज्या हंड्याचं पानी प्याला. रातीला निवांत झोपला. मंग म्या कशापाई तोंड लपवू? आदी घोटभर पाज, नरडं वाळलंय."

आणि ती काठावर उकिडवी बसली आणि तिनं ओंजळ पुढे केली.

सगळी वाडी बघत राहिली. छबूबाईची आई अश्शीच बसायची, याच लंकाबाईच्या वाड्यामागं, आणि वरून कुणीतरी दुरून पाणी ओतायचं, निम्मं अंगावर सांडायचं. छबूबाईला ते सगळं आठवलं. भरलेला पोहरा हातात होता. ओत म्हणत होते पुंजारामचे डोळे, ओत, एकदा तरी! तिचंही मन वळवळलं, खोटं कशाला बोला.

तिनं पोहरा खाली टेकवला. तांब्या भरला आणि लंकाबाईच्या ओंजळीतच ठेवला.

"आक्का, वंजळ न्हाई. हितं तांब्यानं पितात."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. मग तांब्या तोंडाला लावून ती पोटभर प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या परत दिला. छबूबाईनं तो विसळला नाही. तसाच भरला आणि सगळ्यांसमोर स्वतः प्यायली.

गर्व वाईट, हे ती घरोघर शास्त्र वाचून सांगत आली होती. पण त्या सकाळी तिची छाती गर्वानं फुगली, वाडीच्या, सूर्यभानच्या, आपल्या प्रभूच्या गर्वानं, आणि त्याची माफी काही तिनं देवाकडे मागितली नाही. लंकाबाईनं दोराला हात घातला. तिला एकटीला पोहरा ओढवेना, म्हणून छबूबाईनं तिच्या हाताच्या वर दोर धरला, आणि दोघींनी मिळून पाणी वर घेतलं.