टोपलीतलं कापड

होंगसानं मोटरसायकल इतकी अचानक थांबवली, की यिन चानचं कपाळ त्याच्या पाठीवर आपटलं. रबराच्या बागांमधून मुदोनकडे जाणाऱ्या रस्त्यात, अगदी मधोमध, एक कासव पाय आवळून बसलं होतं.

होंगसा तोंड उघडायच्या आत यिन चान मोठ्यानं म्हणाली, "सडलंय. वास मारतंय."

मग त्यानंही नाक दाबून तेच म्हटलं आणि गाडी कडेनं काढली. कासवाच्या कुळात जन्मलेल्या माणसाला वाटेत कासव दिसलं, तर एक तर ते घरी नेऊन, शिजवून घरदैवताला वाहायचं, नाही तर ते सडलंय असं म्हणून मोकळं व्हायचं. घाईतली माणसं दुसरी वाट धरतात, आणि माणसं बहुतेक घाईतच असतात.

"ताई, गेल्या वर्षी तू हसली होतीस," होंगसा म्हणाला. "कासव चांगलं ठणठणीत आहे, खोटं कशाला बोलायचं, असं म्हणालीस."

"गाडी चालव."

"आली डॉक्टर व्हायला, आणि देवभोळी होऊन जाणार."

एरवी तिनं चुलतभावाचा हा टोमणा व्याजासकट परत केला असता. यांगूनच्या विद्यापीठात ती मोन लोकांच्या घरदैवतांवर प्रबंध लिहीत होती, आणि त्यातलं एक अख्खं प्रकरण या 'सडलंय'वर होतं. त्यात तिनं ठरवून टाकलं होतं, की ही देवाशी केलेली तडजोड आहे, दोन्ही पक्षांना परवडणारी. तडजोड म्हणावी की पळवाट, यावर तिच्या मार्गदर्शक बाईंनी समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. आज तिला पळवाट चालणार होती.

होंगसा बायकोसाठी औषधं आणायला निघाला होता. पाकावला सातवा महिना होता. तिच्या पायांवर सूज आली होती, डोकं ठणकत होतं, आणि कालपासून डोळ्यांसमोर काजवे चमकतात असं ती म्हणत होती. गावातल्या नर्सबाईंनी सकाळी येऊन स्पष्ट सांगितलं होतं, की गोळ्यांनी भागायचं नाही, आजच मोलम्याइनच्या दवाखान्यात न्या. पण घरातला शब्द न्यान काकांचा. ते होंगसाचे वडील आणि यिन चानच्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे कुळाच्या टोपलीचे राखणदार. ती टोपली घराच्या आग्नेय खांबाला टांगलेली असे, आणि तिच्यात घरदैवताचे कपडे असत: एक लाल चौकड्यांची लुंगी, एक सदरा, डोक्याला बांधायचं एक पांढरं कापड.

"जेवणं झाली की विहिरीवर आंघोळ करून टोपली उघडतो," काका म्हणाले होते. "आतलं सगळं शाबूत असेल तर हे दुखणं आपल्या घरातलं नाही. खुशाल न्या. पण एखाद्या कपड्याला धक्का लागलेला असेल, तर दैवत रागावलंय. मग दैवतापुढे नाच झाल्याशिवाय पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही."

"वर्षावासात नाच बंद असतात, कसा होईल?" होंगसानं विचारलं होतं.

"पौर्णिमेला वर्षावास संपला की होईल."

पौर्णिमेला अजून वेळ होता. पाकावच्या अंगात तेवढा वेळ होता की नाही, हे कुणी विचारलं नाही.

आणि कापडाला धक्का लागलेला आहे, हे यिन चानला ठाऊक होतं.

अमावास्येला सगळं घर विहारात गेलं असताना तिनं टोपली उघडली होती. मुलींनी तिला हात लावायचा नसतो, पण मार्गदर्शक बाईंनी कपड्यांची मापं मागितली होती, आणि काकांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. न विचारलेल्या प्रश्नाला नकार नसतो, असा तिनं सोयीचा हिशेब केला. लुंगी मोजली, सदरा मोजला. डोक्याचं कापड उलगडलं, तेव्हा एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेलं भोक दिसलं, दोन बोटं सहज जातील एवढं. तिनं घडी घातली, दोरा बांधला, आणि आपल्या खोलीत येऊन मापं टिपून काढली. 'वस्त्राला दीर्घ काळाची पिवळट झाक आहे,' असंही लिहिलं. भोकाबद्दल काही लिहिलं नाही. त्याच आठवड्यात पाकावचे पाय सुजले.

एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नव्हे. हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे. मोटरसायकलवर मागे बसून तिनं ते स्वतःला दोनदा शिकवलं.

मुदोनच्या बाजारात होंगसा औषधांच्या दुकानात शिरला, आणि वह्या घ्यायच्यात असं सांगून ती कापडवाल्यांच्या गल्लीत गेली. तसं पांढरं सुती कापड मिळायला वेळ लागला नाही. ते जुनं करायला लागला. चहाच्या दुकानात तिनं कोऱ्या चहाची किटली मागवली आणि ती घेऊन मागच्या मोरीवर गेली. तिथे कपबशा विसळणारी बाई तिच्याकडे बघत राहिली.

"ताई, चहा प्यायचा असतो," ती बाई म्हणाली.

"डाग पडलाय."

"म्हणून सगळ्यालाच पाडताय?"

यिन चाननं कापड पिळलं, झटकलं, आणि गाडीवर येताना उन्हावाऱ्यात वाळावं म्हणून स्कार्फसारखं गळ्यात गुंडाळलं. होंगसानं नवा स्कार्फ पाहिला, हुंगला, आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता गाडी सुरू केली. त्याच्या मुठीत औषधांची पुडी होती आणि ती त्यानं घरापर्यंत खिशात घातली नाही.

घरी पोचली तेव्हा जेवणं उरकली होती. पाकाव चटईवर कुशीवर पडून होती. तिच्या गालांवरचा, चंदनासारखा उगाळलेला तनखाचा लेप घामानं ओघळला होता. होंगसा तिच्या पायांशी जाऊन बसला आणि पाय चेपू लागला. बोट दाबलं की खळगा पडत होता, आणि तो भरून यायची तो वाट पाहत होता.

मागच्या विहिरीवर काकांच्या आंघोळीचा आवाज सुरू झाला. तांब्या बुडायचा, पाणी अंगावर पडायचं, मध्ये पुटपुटणं. यिन चाननं आवाज ऐकला आणि आग्नेयेच्या खोलीत शिरली. दार लोटलं. टोपली खांबावरून उतरवताना झाकण दोनदा खडखडलं. मग ती थांबली. बाहेर पाणी पडलं. तिनं दोरा सोडला.

डोक्याचं कापड काढून तिनं बोट कोपऱ्यावर नेलं. भोक नव्हतं.

दुसरा कोपरा. तिसरा. चौथा. कापड आरपार धड होतं, घडीवर मऊ, रंगानं पिवळट. तिनं ते नाकाशी नेलं. मग गळ्यातलं नेलं. दोन्हींना चहाचा वास येत होता.

"तुझं जास्त काळं झालंय," दारातून आवाज आला.

काकू होती. हातात भाताचा डाव तसाच होता.

"काकू, मी..."

"हळू. पाणी पडायचं थांबलं की आपल्याला वेळ नाही. माझं आत ठेव. सदऱ्याच्या खाली, तळाशी."

यिन चाननं ठेवलं. "तुम्हाला कळलं कसं?"

"गाठीवरून. या घरात कुणी फुलासारखी गाठ मारत नाही. वेणीला रिबिनी बांधून शाळेत गेलेल्या पोरी मारतात." काकूनं डाव कमरेला खोचला, तिच्या हातातून दोरा घेतला आणि दोन वेढे देऊन आवळला. "विहारातून आले तेव्हाच बघितलं. म्हटलं, मोजमाप घेणारीनं काय काय मोजलं ते तरी बघू. तर हे भोक."

"याआधीही...?"

"इथे उंदीर काय तुझ्या यांगूनहून आलेत? मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहेत."

"आणि काका?"

"ते मनापासून मानतात." काकूनं टोपली खांबाला टांगली आणि दोन पावलं मागे सरून सरळ आहे का ते पाहिलं. "एका घरात एकानं मानावं आणि एकीनं शिवावं. दोघंही मानायला लागले तर टोपलीत चिंध्या राहतील."

विहिरीवरचा आवाज थांबला.

काका ओल्या केसांनी, धुतलेली लुंगी नेसून आत आले. होंगसा दारात उभा राहिला. काकू पलीकडे भिंतीशी चटईवर बसली, कारण ती दुसऱ्या कुळातली, तिनं लांबच बसायचं. यिन चाननं आपलं कापड पिशवीत कोंबलं होतं, आणि पिशवी मांडीखाली घेतली होती. सगळ्या खोलीला आपल्याच अंगाचा चहाचा वास येतोय असं तिला वाटत होतं.

काकांनी हात जोडले, टोपली उतरवली, झाकण बाजूला ठेवलं. लुंगी काढून उजेडात धरली. सदरा. मग कापड. एक टोक, दुसरं टोक. ते घाई करत नव्हते. आतल्या खोलीत पाकाव कण्हली, तरी त्यांनी मान वळवली नाही. होंगसाची मूठ दाराच्या चौकटीवर होती आणि नखं पांढरी पडली होती.

तिसऱ्या टोकावर काकांचा अंगठा थांबला.

यिन चान त्यांच्या सगळ्यांत जवळ होती. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला कागदाचा एक निळसर तुकडा चिकटून राहिला होता, नखाएवढा. नव्या कापडावरची गिरणीची चिठ्ठी काढताना अर्धी राहते, तशी. त्याच्यावर एका आकड्याचं शेपूट होतं.

बाहेर कोंबडी कुणाच्या तरी पायात आली आणि कलकलली. यिन चाननं काकूकडे पाहिलं. काकू चटईच्या विणीकडे पाहत होती.

काकांनी अंगठ्याच्या नखानं तो तुकडा खरवडला, चिमटीत धरून त्याची गोळी केली, आणि कमरेच्या डबीतलं पान काढून त्यात ती गोळी ठेवली. पान दुमडलं. तोंडात टाकलं. चावता चावता त्यांनी कापडाची घडी घातली, कडा कडेशी जुळवून.

"सगळं शाबूत आहे," ते म्हणाले. "होंगसा, गाडी बोलाव."

शेजारच्यांची पिकअप आली. पाकावला चटईसकट मागे निजवलं. काकू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. होंगसा चालकाशेजारी चढला आणि गाडी सुटली. राखणदारानं टोपली उघडलेल्या दिवशी घर सोडायचं नसतं, म्हणून काका राहिले. गाडीत जागा नव्हती, म्हणून यिन चान राहिली. दोघं ओसरीत बसली. फोन त्यांच्या मध्ये फळीवर होता. काकांनी तीन वेळा पानं लावली आणि एकही तोंडात घातलं नाही.

फोन वाजला तेव्हा सावल्या पायरीवर उतरल्या होत्या. काकू बोलत होती. रक्तदाब फार चढला होता. सुई दिलीय, आता उतरतोय, बाळाचे ठोके नीट आहेत. उद्यावर ढकललं असतं तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टरीण म्हणाली. आणि रात्रीचा भात पातेल्यात आहे, तो गरम करून खा, नाही तर दोघं तसेच बसून राहाल.

यिन चाननं फोन फळीवर ठेवला. मग म्हणाली, "काका, तुम्हाला दिसलं होतं."

काकांनी लावलेलं पान डबीत परत ठेवलं.

"मग सकाळीच जाऊ का दिलं नाही? न उघडता?"

"न उघडता गेली असती आणि तिकडे तिचं काही बरंवाईट झालं असतं," काका म्हणाले, "तर होंगसा जन्मभर त्या खांबाकडे बघत बसला असता. मीपण."

त्यांनी हात पुढे केला.

"पिशवीतलं दे."

तिनं कापड काढून दिलं. काकांनी ते उलगडलं, मावळत्या उजेडात धरलं, आणि नाकाशी नेऊन तोंड वाकडं केलं.

"तुझी काकू ऐकत नाही आणि तूही तिच्याच वळणाची. चहाचा वास वर्ष वर्ष जात नाही." ते कापडाची घडी करू लागले, कडा कडेशी जुळवून. "माझी आई हळद वापरायची. त्यानं झाक बरोबर येते."