जिभेखालची गोळी

यादोरावांच्या हृदयात स्टेंट बसला त्याला दोन वर्षं होत आली होती. पाटबंधारे खात्यातली कालवा निरीक्षकाची नोकरी टिकली होती. दिघोरीच्या आसपासच्या पाटांवर मोटारसायकलनं फिरणंही पुन्हा सुरू झालं होतं. औषधांचं सगळं बायकोनं, तुळसानं, आपल्याकडे घेतलं. रोजच्या गोळ्या ती त्यांच्या हातावर ठेवायची. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी तिच्या बटव्यात असायची, अगदी धानाच्या बांधीत रोवणीला गेली तरी.

आजारानंतर यादोराव तिच्याजवळ गेले की शरीर साथ देत नसे. तुळसा म्हणाली, "राहू द्या, जीव वाचला थेच लय झालं." तिनं समजूत काढली होती, पण त्यांना ते झोंबलं. ते ओसरीत झोपू लागले. तुळसाला वाटलं, आपल्यावरून मन उडालं. दोघंही त्यावर कधी बोलले नाहीत.

तपासणीला गेल्यावर डॉक्टर विचारत, "आणखी काही त्रास?" शेजारी मुलगा अनुप बसलेला असे. यादोराव नकारार्थी मान हलवत.

लाखांदूरच्या औषध दुकानांत सगळे ओळखीचे. म्हणून ते एसटीनं साकोलीला गेले. हायवेवरच्या एका मेडिकलसमोर गर्दी ओसरेपर्यंत ताटकळले आणि मग काउंटरवर वाकून हळूच पुरुषपणाची गोळी मागितली. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही. पाकीट काढता काढता एवढंच म्हणाला, "हार्टच्या गोळ्या तं सुरू नाई ना काका? त्यायच्यासंगं नाई चालत हे."

तेवढ्यात मागे दोन बाया येऊन उभ्या राहिल्या.

"नाई," म्हणत यादोरावांनी पाकीट खिशात टाकलं.

त्या रात्री ते ओसरीत झोपले नाहीत. सकाळी अंगण झाडताना तुळसा काहीतरी गुणगुणत होती. सून प्रतिक्षा ते ऐकून स्वयंपाकघरात हसली.

चहा घेऊन यादोराव मोटारसायकल बाहेर काढायला लागले आणि छातीवर धानाचं पोतं पडावं तसं झालं. ते कसेबसे ओट्यावर बसले. तुळसा धावत आली. तिनं बटव्यातून गोळी काढली. यादोरावांना दुकानदाराचं बोलणं आठवलं. त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

"तोंड उघडा ना! काहून नाई घेऊन राहिले?"

त्यांनी मान हलवली. अनुप फोनवर गाडी बोलावत होता. प्रतिक्षा पाण्याचा गिलास घेऊन समोर उभी होती. तुळसा रडकुंडीला आली होती. नुसतं 'काल एक गोळी घेतली' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सुनेसमोर ते त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी तोंड उघडलं आणि तुळसानं गोळी जिभेखाली ठेवली.

थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधार आला आणि ते ओट्यावरून खाली कोसळले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी कोणती गोळी घेतली होती का यांनी?"

"नाई जी," तुळसा ठामपणे म्हणाली. "त्यायच्या सगळ्या गोळ्या माह्याच हातच्या."

बाईंनी सगळ्यांना बाहेर पाठवलं, पडदा ओढला आणि यादोरावांच्या कानाशी वाकून पुन्हा विचारलं. तेव्हा ते बोलले.

जीव वाचला. मेंदूला रक्त कमी पडल्यानं डावा हात मात्र लुळा पडला.

शुद्ध नीट आल्यावर बाईंनी त्यांना विचारूनच तुळसाला सांगितलं. "दोन्ही गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैल पडतात. एकत्र आल्या की बीपी एकदम तळाला जातं. जिभेखालची गोळी लागणाऱ्यानं ती दुसरी घ्यायचीच नाही. आणि घेतली असेल, तर छातीत दुखताना आधी तेच सांगायचं."

बाई गेल्यावर तुळसा त्यांच्याकडे वळली.

"मले सांगता नाई आलं?"

"लाज वाटली."

"कोनाची? मीच होती ना तुमच्यासंगं?" तिचा आवाज फाटला. "माह्या हातानं मारून राहिली होती मी तुमाले. तुमाले ठाऊक होतं. तरी तोंड उघडलं."



घरी आल्यावर तिनं गोळ्यांचा डबा प्रतिक्षाकडे दिला. जेवणाचं ताट तुळसा वाढायची, ते भिंत धरून चालायला लागले तर हात द्यायची. बोलायची नाही.

महिन्यानं तपासणीला यादोराव एकटेच आत गेले. बाई म्हणाल्या, "हृदयाच्या रुग्णांना हा त्रास बऱ्याचदा होतो. तपासून, औषधं बदलून बघता येतं. दुसरे उपायही आहेत. फक्त विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी मावशींना आणा, दोघांशी बोलू."

"तुळसा नाई येनार, बाई," यादोराव म्हणाले. "अन् आता हे कोनासाठी विचारू?"