डावी कळी

काळाचौकीच्या त्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर भलामोठा पडदा, त्यावर ग्रामदेवतेचं चित्र, चित्राच्या दोन्ही खांद्यांना एकेक कळी चिकटवलेली. गाऱ्हाणं टाइप करायचं, बटण दाबायचं. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौल लावायला आता कोकणात जायचं कारणच उरलं नव्हतं.

"गावाक देव पाषाणात, हय सर्व्हरात!" ही कौलाची वेबसाइट चालवणारे गणपतबुवा माइकवरून गरजले. "तिकडे गुरव झोपता, हय नेटवर्क झोपणा नाय!"

पहिल्या रांगेत अनुजाचे बाबा, सीताराम, हात जोडून बसले होते. मधुमेहाने त्यांच्या पायाचं बोट काळं पडलं होतं. डॉक्टरांनी ते आठवड्याच्या आत कापायला सांगितलं होतं, नाहीतर पाय जाईल म्हणाले होते. पण बाबांनी 'ऑपरेशन करू का?' असा कौल लावला आणि डावी कळी पडली.

"देव नको म्हणता गो. बुवांचो लेप लावतंय मी," त्यांनी घरी सांगून टाकलं होतं.

गर्दी झाली की ही वेबसाइट बंद पडायची, म्हणून ती दुरुस्तीला आली होती अनुजाच्याच ऑफिसात. समोरचं पान नुसतं दाखवतं. निर्णय घेतो तो मागचा भाग, ज्याला प्रोग्रॅमर बिझनेस क्लास म्हणतात. तिने त्या भागात जागोजागी ट्रेसच्या ओळी घातल्या. म्हणजे प्रोग्रॅमने काय पाहिलं आणि काय ठरवलं, ते त्याने स्वतःच लिहून दाखवायचं. दाखवलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आज दुरुस्तीच्या निमित्ताने ती बुवांच्या कॉम्प्युटरपाशीच बसली होती. तिने ट्रेस चालू केला आणि प्रश्न टाइप केला, 'बुवांच्या पंख्याचं ऑपरेशन करू का?'

डावी कळी पडली. चित्राखाली ओळी उमटल्या: 'ऑपरेशन शब्द सापडला. कळी डावी. पुढचं पान लेपाचं.'

मग तिने विचारलं, 'पोरीचं लग्न जमेल का?'

'आजाराचा शब्द नाही. घड्याळात सेकंद बेचाळीस, सम. कळी उजवी.'

"बघितलंत?" अनुजा ओरडली. "यात देव नाही, घड्याळ आहे! आणि ऑपरेशन म्हटलं की नकारच, म्हणजे लेप खपतो. मग तो पंख्याला का असेना!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बुवा गडबडले, पण क्षणभरच.

"बोला जयजयकार!" त्यांनी दोन्ही हात उंचावले. "आजपावेतो देव नुसतो कौल देय. आज मनातला लिवन दाखवल्यान!"

हॉल दणाणला. लोकांनी मोबाइल काढून त्या ओळींचे फोटो घेतले. एका बाईने पडद्यावर फूल ठेवायचा प्रयत्न केला, ते खाली पडलं.

घरी जाताना अनुजा रडकुंडीला आली होती. "बाबा, त्या ओळी मी लिहिल्यात. मी!"

"माका ठावक आसा," बाबा लंगडत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत नुसतं कौतुक होतं. "देवान तुझ्याकडसून लिवन घेतल्यान. माका त्येची प्रिंट काढून दी."

तिने दिली. निदान त्या ओळी नीट वाचतील, ही वेडी आशा.

तीन आठवड्यांनी पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

बाबांनो, कौल जरूर लावा, पण कळी कोण पाडतंय तेवढं आधी विचारा, आणि उत्तर मिळालं तर ते वाचा. सीतारामांना मिळालं होतं. त्या प्रिंटचा कागद अजून त्यांच्या देव्हाऱ्यात आहे. त्यावर रोज कुंकू पडतं, आता त्यातलं अक्षरही दिसत नाही.