गाडीतला माळा

कानाएने मोटरहोम बघायला येण्याआधी इतकं वाचून ठेवलं होतं, की तिचा नवरा तोमोनोरी वैतागून म्हणाला, "आपण फिरायची गाडी घेतोय गं, पाणबुडी नाही."

"पाणबुडीत निदान सगळं तपासून तरी आत शिरतात," ती म्हणाली.

तोयोहाशी शहराबाहेर, बायपासला लागून असलेल्या त्या मैदानात गाड्या ओळीने उभ्या होत्या. सकाळच्या सरीने सिमेंट ओलं होतं. विक्रेते होशिना-सान पुढे झाले, त्यांनी पायरीपाशी चटई टाकली आणि पहिल्याच गाडीचं दार उघडलं. तिघांनी बूट काढले. चार वर्षांच्या इतोहाने आपले पिवळे बूट भिरकावले आणि आत शिरताच शिडी चढून ती ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर जाऊन बसली. माळ्याला पडदा होता. तो ओढून घेतला, की मुलगी नाहीशी! बाजूला केला, की हजर!

"हिची जागा ठरली बघ," तोमोनोरी खुशीत म्हणाला. त्याला हीच गाडी हवी होती, माळ्यासकट.

"गाडी चालू असताना ती वर असली तर?" कानाएने विचारलं.

"छे छे, इशिझाकी-सान. वर पट्टा नाही. गाडी निघाली की सगळ्यांनी खाली बसायचं," होशिना-सान म्हणाले.

"पण समजा असली. आणि ब्रेक लागला. तर ती कुठे येऊन पडेल?"

"झालं सुरू!" तोमोनोरीने हात जोडले. "आता भूकंपाचंही विचारून घे."

"विचारणारच होते."

होशिना-सान हसले. ती मात्र हसली नाही. "मी ती पलीकडची बुटकी, बिनमाळ्याची बघून येते," म्हणून ती उतरली. वरून इतोहा ओरडली, "मीपण!" ते तोमोनोरीने ऐकलं. कानाएने नाही, ती तोवर ओळ ओलांडून गेलीही होती. मग बॅटरीचा विषय निघाला. बॅटरी म्हटल्यावर पुरुषांना भान राहत नाही. दोघे बोलत बोलत मागल्या बाजूला गेले आणि तिथून कोठारात.

बुटक्या गाडीत कानाए एकटीच होती. तिने गॅस गळतीचा भोंगा वाजवून बघितला. प्रत्येक पट्टा हिसडून पाहिला. मागच्या बिछान्यावर आडवी होऊन छत न्याहाळलं. कोपरे गोल होते, खिळा कुठे वर आलेला नव्हता. बाहेर पडताना तिला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी तिची काळजी हातावेगळी झाल्यासारखी वाटत होती.

पहिली गाडी जागेवर नव्हती.

ओल्या सिमेंटवर गाडीएवढा कोरडा चौकोन तेवढा उरला होता. त्याच्या कडेला चटई, आणि चटईवर पिवळे बूट. टाचेला टाच लावून, टोकं बाहेर वळवून, पाहुण्यांचे ठेवावेत तसे कुणीतरी अदबीने जुळवून ठेवलेले.

किती नीट ठेवलेत, हे तिच्या मनात आधी आलं. मग लक्षात आलं, की हे बूट आपल्या घरचे आहेत.

तोमोनोरी कोठारातून हसत येत होता. "इतोहा कुठेय?" तिने विचारलं.

"तुझ्याबरोबर."

"माझ्याबरोबर नाही."

"म्हणजे? 'मीपण' म्हणाली ना ती..." त्यानेही बूट पाहिले.

होशिना-सानचा चेहरा पांढराफटक पडला. मोरिवाकी नावाचं म्हातारं जोडपं, जुनं गिऱ्हाईक, कचेरीतून किल्ली घेऊन ती गाडी जरा चालवून बघायला घेऊन गेलं होतं. होशिना-साननी बाईंना फोन लावला. फोन वाजला, पण मागे, कचेरीतल्या टेबलावर. बाई पिशवी तिथेच ठेवून गेल्या होत्या. म्हातारबुवा गाडी चालवताना फोन बंद ठेवणारे.

"मी त्यांच्या मागे जातो!" तोमोनोरी आपल्या गाडीकडे धावला.

"कोणत्या दिशेने?" होशिना-सान म्हणाले, आणि तो किल्ली हातात धरून तसाच थांबला.

कानाए रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पिवळे बूट तिने कधी उचलले ते तिला कळलं नाही. तिची बोटं त्यांच्या आत होती. समोरून ट्रक जात होते. एकेकाने ब्रेक मारला की तिला माळा दिसे, आणि माळ्यावरून पुढे फेकलं जाणारं काहीतरी. तेवढ्यावर ती डोळे मिटायची, आणि मिटल्यावर ते आणखी स्पष्ट दिसायचं.

गाडी आली. कसली घाई नाही. वळणाचा दिवा लावून, सावकाश, कोरड्या चौकोनात बरोबर बसवून म्हातारबुवांनी ती उभी केली. "छान चालते हो," ते उतरता उतरता म्हणाले.

कानाए त्यांना बाजूला सारून पायातल्या बुटांसकट आत शिरली. चिखलाचे बूट त्या पांढऱ्या गालिच्यावर! मोरिवाकीबाईंनी तोंडावर हात नेला. कानाए शिडी चढली आणि तिने पडदा बाजूला केला.

इतोहा पालथी पडली होती. दोन्ही हातांनी गादीची कड घट्ट धरलेली, ओठ आवळलेले, डोळे टक्क उघडे.

"झोप लागली होती का गं?"

"नाही."

"मग हाक का नाही मारलीस?"

"अनोळखी आजी-आजोबा होते," इतोहा कुजबुजली. "त्यांना त्रास झाला असता."

वाक्य कानाएचंच होतं. आगगाडीत, लिफ्टमध्ये, पाळणाघराच्या दारात ती रोज इतोहाला तेच बजावायची, लोकांना त्रास होईल. शब्द तेच, सूरही तोच.

खाली मोरिवाकीबाई कमरेत वाकून वाकून माफी मागत होत्या. "गाडीखाली येतील म्हणून मीच ते बूट बाजूला ठेवले हो... कुणा लेकराचे राहिलेत वाटलं." मग वर बघून त्यांचे डोळे पाणावले. "एवढा वेळ हूं नाही की चूं नाही! किती शहाणी मुलगी! आई किती छान वळण लावते!"

ती शाबासकी कानाएला मुस्काटात बसल्यासारखी लागली. तिने मुलीला कवेत घेऊन उतरवलं आणि कुणाशी न बोलता, माफी न मागता, ती थेट बुटक्या गाडीकडे निघाली. तोमोनोरी मागोमाग आला. "आज राहू दे," तो म्हणाला. "गाडीच नको आपल्याला."

"इंजिन चालू करायला सांग."

"कानाए..."

"सांग ना."

इंजिन सुरू झालं. तिने इतोहाला मागच्या बिछान्यावर ठेवलं आणि स्वतः स्टिअरिंगपाशी जाऊन बसली. आरशात मुलगी दिसत होती, अख्खी. "आता मला हाक मार," ती म्हणाली.

इतोहाने उघड्या दारातून बाहेर पाहिलं. तिथे तीन अनोळखी माणसं उभी होती. "आई," ती हळूच म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"आई!"

मैदानातली दोन माणसं वळून बघू लागली. तोमोनोरीने कानाएच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही आलं," ती म्हणाली. "आणखी मोठ्यांदा."