एक पानही हललेलं नाही

"थांबा, थांबा, हात लावू नका. ह्या कुलपाला एक खुबी आहे," असं म्हणत सयाजी माने गुरुजींनी किल्ल्यांचा जुडगा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला.

खुबी वगैरे काही नव्हती. कुलूप ठणठणीत होतं, दर शनिवारी त्याला तेल मिळत होतं. फक्त ते उघडायची वेळ आजवर आली नव्हती, त्यामुळे जुडग्यातली नेमकी किल्ली कोणती हे गुरुजींनाच आठवत नव्हतं. आणि हे पाहुण्यांसमोर कबूल करायचं म्हणजे पंचाईत होती.

पाहुणे दोघं होते. एक संयोगिता घोरपडे, पेठ वडगावकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. दुसरे रुद्रय्या हिरेमठ, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेल्या एका गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. तिघांची गाठ पडली ती कोल्हापुरातल्या मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात. आजवरच्या प्रशिक्षणांतून माने गुरुजींनी भरपूर फायली आणि पिशव्या घरी आणल्या होत्या. दुपारच्या सत्रात डोळे उघडे ठेवून झोपायची कलाही त्यांनी तिथेच कमावली होती. पण ह्या वेळी भलतंच निघालं. भाषण नाही, काही नाही. तिघांचा एक गट करायचा आणि पाळीपाळीनं एकमेकांच्या शाळेत दिवसभर जाऊन बसायचं. ज्याची शाळा, त्यानं आपल्याला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो अशी एक गोष्ट दाखवायची. बाकीच्या दोघांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही.

मुख्याध्यापकाला सल्ला देऊ नका म्हणणं म्हणजे म्हशीला डबक्यात बसू नको म्हणण्यासारखं. पण तिघांनीही नियम पाळायचा प्रयत्न केला. रुद्रय्यांच्या शाळेत मोठी मुलं धाकट्यांना शिकवत होती, निम्मं कानडीत, निम्मं मराठीत, आणि वर्गात बाजार भरल्यासारखा कालवा होता. तो बघून माने गुरुजींनी, "हा गोंधळ रोजच असतो का?" असं विचारलं होतं. त्यांच्या मते तो प्रश्नच होता.

आज पाळी त्यांची होती. गारगोटीच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलं की त्यांची शाळा लागते. येत्या मेअखेर ते निवृत्त होणार होते आणि शाळेचा चार्ज पुढच्या माणसाच्या हाती द्यायचा होता. चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्यावी लागते, कमी पडली तर जबाबदारी मुख्याध्यापकाची. एका फुटक्या दुर्बिणीपायी निवृत्तीनंतर वर्षभर हेलपाटे घालणारे मुख्याध्यापक त्यांनी पाहिले होते. त्यामुळे त्यांच्या शाळेत काही फुटत नव्हतं, फाटत नव्हतं, हरवत नव्हतं. पृथ्वीचा गोल प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. नकाशे गुंडाळीतून बाहेर आले नव्हते. सूक्ष्मदर्शक ज्या खोक्यात आला, त्याच खोक्यात सुखानं नांदत होता. सकाळपासून हे सगळं दाखवताना गुरुजींचा ऊर भरून येत होता, आणि दोघं पाहुणे हळूहळू गप्प होत चालले होते. ते भारावले आहेत असं गुरुजींना वाटलं.

शेवटी ते दोघांना ह्या कपाटासमोर घेऊन आले. हा त्यांचा हुकमाचा एक्का होता.

कपाट सागवानी, काचेच्या दारांचं. आत पुस्तकांच्या सरळ रांगा. वर पितळी पट्टी: 'कै. ऋतुराज केरबा पाटील याच्या स्मरणार्थ.'

"गावातल्या केरबा पाटलांचा हा एकुलता एक मुलगा," गुरुजींनी सांगितलं. "सातवीत असताना तापानं गेला. वाचायचा फार नाद. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायचा नाही. आईबाप दोघंही निरक्षर, पण पोराच्या नावानं म्हशी विकून एवढी पुस्तकं शाळेला दिली. मी इथं यायच्या आधीची गोष्ट. पण मी चार्ज घेतल्यापासून सांगतो, एक पानही हललेलं नाही."

"वर्षाच्या तपासणीला मोजता कशी?" संयोगिताबाईंनी विचारलं.

"काचेतनं. पाठी मोजायच्या. भरतात बरोबर."

रुद्रय्या बराच वेळ काचेला नाक लावून उभे होते. त्यांनी मान वळवली. "माने सर, प्रश्न इचारू? ह्यातलं शेवटचं पुस्तक कुणी वाचलं?"

"वाचायला दिली तर पोरं फाडतात हो. आणि ही कुणाची आठवण आहे, ती. केरबा दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला येतात. ह्या कपाटासमोर टोपी काढून उभे राहतात. मी त्यांना सांगतो, काळजी करू नका, एक पानही हललेलं नाही. ते 'बरं' म्हणतात आणि जातात. त्यांना तेवढाच आधार."

"एक काढून दावा की. हातात घेऊन बघू द्या."

म्हणून ते कुलूप, आणि म्हणून ही किल्ल्यांची झटापट. अखेर एक किल्ली फिरली. दार कुरकुरत उघडलं. गुरुजींनी मधल्या फळीवरचं जाडजूड, निळ्या पाठीचं पुस्तक दोन बोटांत धरून ओढलं.

ते फार हलकं होतं. पाठ हातात आली, पुठ्ठा आला, आणि मधून भुरभुर माती सांडली. गुरुजींच्या चपलांवर, फरशीवर, संयोगिताबाईंच्या पदरावर. पुठ्ठ्याच्या आत कागदच नव्हता. चिखलाची वाळलेली जाळी होती आणि तिच्यात पांढऱ्या किड्यांची धावपळ उडाली होती.

"आई गं!" संयोगिताबाई मागे सरकल्या.

गुरुजींनी दुसरं ओढलं. माती. तिसरं, चौथं. वरच्या फळीचं, खालच्या फळीचं. ते आता ओढत नव्हते, उपसत होते. भिंतीकडून वाळवी शिरली होती आणि कुणाची घाई नसल्यासारखी तिनं आतून सगळं खाल्लं होतं. फक्त पाठी तेवढ्या सोडल्या होत्या. त्या काचेतून वर्षानुवर्षं बरोबर भरत होत्या.

"सर, बास करा," रुद्रय्यांनी त्यांचा हात धरला. गुरुजी तिथंच फरशीवरच्या मातीत बसले. निवृत्ती, चार्ज, जबाबदारी, हे एरवी पहिल्यांदा आठवलं असतं. आज त्यातलं काहीच आठवलं नाही. केरबाची टोपी काढलेली आकृती तेवढी डोळ्यांसमोर उभी राहिली.

संयोगिताबाईंनी पदर झटकला, बाटलीतलं पाणी त्यांच्या हातात दिलं. त्या कामाच्या बाई होत्या, रडत बसणं त्यांना जमत नसे. "नियम गेला खड्ड्यात, मी सल्ला देते," त्या म्हणाल्या. "कोल्हापुरात माझ्या ओळखीचा पुस्तकवाला आहे. नावं लिहून घेऊ, आम्ही दोघं हातभार लावतो. आठ दिवसांत कपाट होतं तसं भरू. केरबांना वाचता येत नाही. त्यांना कळणारसुद्धा नाही."

गुरुजींनी आशेनं वर पाहिलं. खरंच, कळणार नव्हतं.

रुद्रय्या खाली उकिडवे बसले. "मी तीन वर्सं झाली कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप काढलेलं न्हाय," ते म्हणाले. "पोरं बटणं मोडतील म्हणून. तुम्हाला ती खोली मी दावलीच न्हाय त्या दिवशी, म्हागल्या दारानं नेलो. तवा मी तुमास्नी काय शिकवणार? फकस्त प्रश्न इचारतो. कपाट भरलं, येत्या सव्वीस जानेवारीला केरबा आलं, टोपी काढून उभं ऱ्हायलं. तवा तुम्ही काय म्हणणार?"

गुरुजी उठले, चपलांवरची माती झटकली आणि शाळेच्या फाटकाबाहेर पडले. पाहुण्यांना घरात एकटं टाकून यजमान निघून गेल्यासारखंच होतं ते, पण त्यांना कुणी अडवलं नाही.

केरबाचं घर ओढ्याच्या काठाला. धारेची वेळ झाली होती. केरबा गोठ्यात म्हशीच्या पोटाशी बसला होता आणि बादलीत धार वाजत होती.

"या की गुरुजी! आज इकडं कसं काय? अगं ए, चा टाक, गुरुजी आल्यात!" त्यानं घराकडं तोंड करून आवाज दिला. पन्नास पावलांवरचा माणूसही दचकावा असा आवाज. "बसा त्या पोत्यावर. ही बया मध्येच सोडली तर लाथ घालती."

गुरुजी बसले नाहीत. बसले असते तर बोलायचं धाडस राहिलं नसतं. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाळवी, भिंत, माती. एकही पुस्तक वाचलेलं नाही. हे शेवटचं वाक्य दोन्ही अर्थांनी खरं आहे हे बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं आणि ते आणखीच खजील झाले.

धार थांबली. केरबाचे हात म्हशीच्या कासेला तसेच राहिले.

"समदी?"

"सगळी."

"एक पान बी हललं न्हाय, म्हणत हुता तुम्ही."

"हो."

"मला वाटायचं, औंदा तरी म्हणतील, हललं." केरबा कासेकडंच बघत बोलत होता. एवढा दणदणीत माणूस, पण आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. "गुरुजी, मी दरसाली कशाला येत हुतो? पुस्तकं हाईत का न्हाईत बघाय? पुस्तकं काय पळून जात्यात व्हय? म्हटलं, एकादं पोरगं दिसंल हातात घेऊन बसल्यालं. आमचं बसायचं तसं, पाय पोटाशी घेऊन. तेवढं बघावं आन् जावं. कवा दिसलं न्हाय. तुम्ही एवढ्या खुशीनं सांगायचा, मग मी बरं म्हणायचो."

गुरुजींना आतून कुणीतरी गदागदा हलवल्यासारखं झालं. इतकी वर्षं हा माणूस समोर येऊन उभा राहत होता आणि आपण त्याला दरवेळी तेच ऐकवत होतो. त्याच्या आधारासाठी म्हणून. सांत्वन म्हणून!

"केरबा, मला एकदा तरी म्हणायचं की हो. तोंडावर म्हणायचं."

"तुम्ही शिकलेली माणसं. म्हटलं, ठेवायची रीतच असंल तशी."

तेवढ्यात दारातून पावलं वाजली. आक्का आल्या. केरबाची बायको, पण सारा गाव त्यांना आक्काच म्हणायचा. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात बशी. मुलगा गेल्यापासून शाळेची पायरी त्या चढल्या नव्हत्या. त्या बाजूचा रस्तासुद्धा त्यांनी सोडला होता. गुरुजींना पाहून मात्र त्यांचा चेहरा उजळला.

"लई बरं झालं तुम्ही आला. मला इचारायचंच हुतं. आमच्या ऋतुराजची पुस्तकं औंदा कोण वाचतंय?"

गुरुजींनी केरबाकडं पाहिलं. केरबानं मान खाली घातली होती.

"हे येऊन सांगत्यात की मला दरसाली," आक्का सांगू लागल्या. "म्हागल्या साली वरल्या आळीची स्नेहल वाचत हुती म्हणं, त्याच्या आधी जोतीरामचा धाकला. जेवायचं सुदीक भान नसायचं म्हणं त्याला. मी मनात म्हणतो, वाच बाबा, वाच. झेंड्याच्या दिशी हे कवा माघारी येत्यात, वाटच बघत बसतो मी. मग रात्री आमी दोगं तेच बोलत बसतो. औंदाचा सांगा की, कोण हाय?"

म्हणजे रिकाम्या हातानं परत जाणारा हा माणूस घरी जाऊन दरवर्षी एक पोर जन्माला घालत होता.

गुरुजींनी तोंड उघडलं. खरं सांगायलाच ते आले होते, पण आक्कांच्या चेहऱ्याकडं बघून ते त्यांना सांगवेना. बरं, नाव तरी घ्यावं. त्यांनी मनातल्या मनात एकेक वर्ग डोळ्यांखालून घातला. कुणाची हजेरी कमी, कुणाचा बाप ऊसतोडीला जातो, कुणाच्या आधारकार्डात चूक आहे, सगळं त्यांना पाठ होतं. पण कुठल्या पोराला वाचायला आवडतं हे त्यांना माहीत नव्हतं. खोटं सांगायलासुद्धा त्यांच्याजवळ एक नाव नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं भिकारी त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"त्यांच्या ध्यानात कुठलं ऱ्हातंय एवढ्या पोरांतनं," केरबा एकदम बोलला. त्याचा आवाज परत मोठा झाला होता. "ती शांभवी हाय न्हवं, वाण्याची? ती वाचतीया. व्हय का न्हाय, गुरुजी?"

"हो," गुरुजी म्हणाले. "शांभवी."

"गुणाची हाय पोरगी," आक्का म्हणाल्या. "कंचं पुस्तक वाचतीया?"

आता केरबा अडला. पुस्तकांची नावं त्याला कधी येत नव्हतीच. त्यानं गुरुजींकडं पाहिलं.

"चांदण्यांचं," गुरुजी म्हणाले. त्या निळ्या पाठीवर तसं काहीतरी छापलेलं त्यांना आठवलं.

आक्कांनी कपबशी त्यांच्या हातात दिली, पदरानं तोंड पुसलं आणि पलीकडचा पाट ओढून त्या गुरुजींच्या समोर बसल्या.

"काय हाय त्यात? ह्यांस्नी कवा नीट सांगायला येत न्हाय. तुम्ही सांगा."

गुरुजींनी चहा न पिताच कपबशी पोत्यावर ठेवली. त्यांनी केरबाकडं पाहिलं, तो काहीतरी बोलेल, पुन्हा एकदा सोडवेल म्हणून. पण केरबानंही बादली बाजूला सरकवली होती आणि हात धोतराला पुसून तो त्यांच्याकडंच बघत होता. त्या पुस्तकांत काय आहे, हे इतक्या वर्षांत त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.